चित्रीकरणाच्या दारात उभी असलेली आपली मुले

दोन वर्षांपूर्वी भीमजयंतीच्या दुसऱ्या दिवशी आपल्या वसतिगृहाच्या व्हरांड्यात एक माउली माझी वाट पाहत बसली होती. तिचा मुलगा आपल्याच शाळेत पाचवीपासून बारावीपर्यंत शिकलेला. स्नेहसंमेलनातल्या प्रत्येक नाटकात त्याची भूमिका ठरलेली असे, आणि आदल्या रात्रीच्या प्रयोगासाठी तो मुद्दाम गावी आला होता. माउलीने पदराच्या गाठीतून एक घडी केलेला कागद काढला आणि माझ्यासमोर धरला. "सर, पोरगं म्हनतंय मुंबैला जातो, पिच्चरमधे घ्यायलेत. चाळीस हजार भरा म्हनत्यात. शेळ्या इकाव्या का?" तिने विचारले.

कागदावर एका कंपनीचे रंगीत बोधचिन्ह होते, पत्ता नव्हता, आणि 'निवड झाल्याबद्दल अभिनंदन' असे मोठ्या अक्षरांत छापलेले होते. खाली छायाचित्रांच्या संचासाठी इतके, कार्यशाळेसाठी इतके, नोंदणीसाठी इतके, अशी बेरीज. कोणत्या चित्रपटासाठी निवड झाली, कोणती भूमिका, चित्रीकरण केव्हा, याबद्दल एक अक्षर नव्हते.

त्या दिवशी मी तिला "ताई, शेळ्या विकू नका" एवढेच सांगू शकलो. त्यापुढचा प्रश्न मुलाने स्वतः संध्याकाळी विचारला, आणि त्याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. तो म्हणाला, "सर, हे खोटं आहे हे मला कळलं. पण मग खरं कोणतं? कोणाकडे जायचं?" इतिहास शिकवणाऱ्या माणसाला सनावळ्या पाठ असतात, चित्रीकरणाच्या जागी नवख्या माणसाला आत कोण घेते, हे ठाऊक असण्याचे कारण नसते. तथापि, ज्या शाळेने मुलांना रंगमंचावर उभे केले, तिने पुढची वाट अंधारात सोडावी हे मला पटले नाही. तेव्हापासून मी माजी विद्यार्थ्यांपैकी जे कोणी या व्यवसायात आहेत त्यांना विचारत आलो, दोन ठिकाणी स्वतः दिवसभर उभा राहून चित्रीकरण पाहिले, आणि कायद्याची पुस्तके उघडली. त्या शोधातून जे हाती आले ते येथे मांडत आहे.

आरंभ माझ्या विषयापासून करतो, कारण तेथे एक उपयोगी गोष्ट दडलेली आहे. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. दादासाहेब फाळके यांना तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना. अखेर ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके यांना त्यांनी घेतले. चित्रपटात काम करणे त्या काळी इतके हलके मानले जाई की, कोणी विचारलेच तर 'हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरी करतो' असे सांगा, अशी सूचना मंडळींना दिलेली होती. याच साळुंक्यांनी १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या आणि पुढे ते कॅमेरा चालवू लागले. उपाहारगृहातून आलेला मनुष्य चित्रीकरणाच्या जागी राहून, पाहून, हात लावून छायालेखक होतो, ही भारतीय चित्रपटाच्या पहिल्याच पानावरची नोंद आहे.

दुसरी नोंद कोल्हापूरची. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत १९२० च्या सुमारास शांताराम वणकुद्रे नावाचा तरुण दाखल झाला. त्यापूर्वी त्याने हुबळीच्या रेल्वे कारखान्यात काम केले होते, गंधर्व नाटक मंडळीत काही काळ काढला होता. कंपनीत पडेल ते काम करावे लागे. त्याने ते केले, 'सुरेखा हरण'मध्ये कृष्ण झाला, १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये तरुण शेतकरी झाला, १९२७ साली 'नेताजी पालकर' दिग्दर्शित केला, आणि १९२९ मध्ये सहकाऱ्यांसह प्रभात फिल्म कंपनी काढली. व्ही. शांताराम यांची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. त्या पडेल त्या कामाकडे मात्र कोणाचे फारसे लक्ष जात नाही. पुण्याला स्थलांतरित झालेल्या त्याच प्रभातमध्ये १९४० च्या दशकात गुरुदत्त करारावर आले. तेथे त्यांनी साहाय्यकाचे काम केले, नृत्ये बसवली आणि लहान भूमिकाही केली. प्रभातची ती वास्तू आज पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटची आहे.

या नोंदींवरून एक निष्कर्ष निघतो आणि एक प्रश्नही उभा राहतो. चित्रपटातला अभिनय चित्रीकरणाच्या जागी वावरून शिकला जातो, आणि वावरण्याची संधी बहुधा अभिनेता म्हणून मिळत नाही, हा निष्कर्ष. आता प्रश्न असा की त्या जागी प्रवेश कोणाला मिळाला? स्टुडिओंची पगारी व्यवस्था मोडल्यावर ओळख हेच प्रवेशपत्र झाले. काका-मामा, शेजारी, एकाच महाविद्यालयातले मित्र. लावणी, वग, ढोलकी, हलगी या साऱ्यांनी मराठी चित्रपटाला अनेक दशके पोसले, आणि ती कला ज्या जातींच्या घरांत वाढली त्यांची नावे मात्र श्रेयनामावलीत शोधावी लागतात. आपल्या मुलांपाशी कला नाही असे कोणी म्हणणार नाही. जलशांची परंपरा आपली आहे. मिलिंद महाविद्यालयात म. भि. चिटणीसांचे 'युगयात्रा' प्रत्यक्ष बाबासाहेबांसमोर झाले, हे आपण दरवर्षी अभिमानाने सांगतो. आपल्यापाशी नव्हता तो मामा, जो म्हणेल, "उद्या सकाळी सहाला ये, गेटवर माझं नाव सांग."

गेल्या काही वर्षांत ही स्थिती थोडी हलली आहे. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'तला जब्या साकारणारा सोमनाथ अवघडे हा सोलापूर जिल्ह्यातला, हलगी वाजवणारा, अभिनयाचा कोणताही पूर्वानुभव नसलेला मुलगा. त्याला सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये लोकशाहीर नारायण कांबळे झालेले वीरा साथीदार हे नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते आणि 'विद्रोही'चे संपादक होते. अभिनय हा त्यांचा व्यवसाय नव्हता. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाने त्यांना नेले. 'झुंड'मध्ये नागपूरच्या वस्त्यांतली मुले दिसली. मात्र या उदाहरणांवरून पालकांनी चुकीचा अर्थ काढू नये. आपल्या मुलाला कोणी दिग्दर्शक एके दिवशी जत्रेत पाहील आणि घेऊन जाईल, अशी वाट पाहत बसणे म्हणजे लॉटरीचे तिकीट घेऊन शाळा सोडण्यासारखे आहे. शिवाय 'फँड्री'त जब्याच्या बापाची भूमिका करणारे किशोर कदम हे सत्यदेव दुबे यांच्या तालमीत घडलेले, रंगभूमीवर वर्षानुवर्षे खपलेले नट आहेत. एकाच चौकटीत अनुभव नसलेला मुलगा आणि मुरलेला नट उभे आहेत आणि दोघांतला फरक आपल्याला दिसत नाही. तो दिसू नये यासाठी किती मेहनत लागते, हे चित्रीकरण पाहिल्यावाचून कळत नाही.

म्हणून आधी चित्रीकरणाची जागा म्हणजे काय, ते सांगतो. मराठीत आता सर्वजण 'सेट' म्हणतात. मीही तेच म्हणतो.

मी पाहिलेल्या पहिल्या सेटवर सकाळी सहाचा कॉल टाइम होता. आदल्या रात्री प्रत्येकाच्या फोनवर कॉल शीट आलेले असते. कोणता प्रसंग, कोठे, कोणी किती वाजता यायचे, कोणते कपडे, हे सारे त्यात लिहिलेले असते. आमच्या परिपाठासारखीच ही व्यवस्था. उशिरा येणाऱ्याला येथे अंगठे धरून उभे करत नाहीत, पुन्हा बोलावत नाहीत एवढेच. सहा वाजता स्पॉट दादांनी चहा दिला. लाइट दादा दिवे चढवत होते, मेकअप दादांच्या खुर्चीपुढे रांग होती. पहिला शॉट साडेनऊला लागला. तोवर नट काय करत होते? बसून होते. नवख्याला हे पहिले कोडे. सेटवरचा बहुतेक वेळ वाट पाहण्यात जातो, आणि सहा तास वाट पाहून सातव्या तासाला ताजेतवाने राहणे हेही नटाचे काम आहे, हे नाटकात कळत नाही.

दुसरे कोडे तुकड्यांचे. नाटकात प्रसंग पहिल्या वाक्यापासून शेवटपर्यंत वाहतो. सेटवर आधी सर्व माणसे दिसतील असा मास्टर शॉट घेतात, मग एकेकाच्या खांद्यावरून, मग चेहरे जवळून. तेच वाक्य, तोच हुंदका, तेच पाणी पिणे, दहा वेळा. पहिल्या वेळी पेला उजव्या हातात होता आणि तिसऱ्या शब्दाला उचलला होता, तर दहाव्या वेळीही तसाच उचलावा लागतो. नाहीतर तुकडे जुळत नाहीत. याला कंटिन्युइटी म्हणतात आणि तिची वही सांभाळणारा एक साहाय्यक दिग्दर्शक असतो. जमिनीवर चिकटपट्टीची खूण असते. त्या मार्कवर खाली न पाहता येऊन थांबावे लागते, कारण दिवा आणि भिंगाची जुळणी तेवढ्याच जागेसाठी केलेली असते. आणि प्रसंग कथेच्या क्रमाने चित्रित होत नाहीत. बापाच्या मृत्यूचा प्रसंग सोमवारी, बापाशी भांडण गुरुवारी, कारण घर सोमवारी मिळाले आणि नदीकाठ गुरुवारी.

'फँड्री'तला एक प्रसंग आपल्या शाळेत अनेकांनी पाहिला आहे. डुकरामागे धावणारे ते कुटुंब, शाळेतून राष्ट्रगीत सुरू होते आणि सारे जागच्या जागी थबकतात. पडद्यावर तो थोडाच वेळ आहे. आता मुलांनी तो नटाच्या नजरेने पुन्हा पाहावा. धावता धावता थांबायचे, श्वास फुललेला असायला हवा, तरी हलायचे नाही. डोळ्यांत शिकार सुटत असल्याची घालमेल हवी. असा प्रसंग तुकड्यांत चित्रित करायचा म्हणजे प्रत्येक तुकड्याआधी पुन्हा धावून श्वास फुलवायचा. मी नववीच्या मुलांकडून हे मैदानावर करवून घेतले, फोनच्या कॅमेऱ्यासमोर, सहा वेळा. तिसऱ्या वेळेनंतर त्यांना हसू येऊ लागले. सहाव्या वेळी दोघांना जमले. अभिनयाचा हा तास मला कोणत्याही पुस्तकात सापडला नसता.

आता आत जाण्याच्या वाटांविषयी. माझ्या मते सर्वांत स्वच्छ वाट विद्यार्थ्यांच्या चित्रपटांची. पुण्याच्या इन्स्टिट्यूटमध्ये, मुंबईच्या खासगी संस्थांत आणि जनसंज्ञापन शिकवणाऱ्या कित्येक महाविद्यालयांत विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून लघुपट करावे लागतात आणि त्यांना नट हवे असतात. मानधन बहुधा नसते किंवा नाममात्र असते. जेवण आणि प्रवासखर्च तरी मिळावा, असे आधीच विचारून घ्यावे. येथे दिग्दर्शकही शिकणारा, कॅमेऱ्यामागचाही शिकणारा, त्यामुळे नवख्या नटाला प्रश्न विचारता येतात आणि चूक झाल्यास कोणी अंगावर येत नाही. स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर बातम्या देत होत्या त्या काळात त्यांनी अरुण खोपकर यांच्या इन्स्टिट्यूटमधल्या पदविका चित्रपटात, 'तीव्र मध्यम'मध्ये काम केले होते. श्याम बेनेगलांचे चित्रपट त्यानंतरचे. या वाटेने जाणाऱ्याने एक गोष्ट कसोशीने पाळावी. चित्रपट पूर्ण झाल्यावर आपल्या कामाची प्रत मागून घ्यावी, आणि ती मिळेल हे काम सुरू होण्यापूर्वी लिहून घ्यावे. पुढे कोणी "काय केले आहे?" असे विचारले तर दोन मिनिटांचा तो तुकडा दहा छायाचित्रांपेक्षा अधिक बोलतो.

पुण्या-मुंबईला राहण्याची सोय नाही त्यांनी काय करावे? आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच मित्रांसह लघुपट करावा. हे सांत्वनापुरते सांगत नाही. मंजुळे यांनी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, जनसंज्ञापनाचे शिक्षण घेतले आणि त्यांच्या 'पिस्तुल्या' या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला; 'फँड्री' आणि 'सैराट' नंतर आले. आज फोनवर चित्रण होते, संकलनही होते. आवाज मात्र फोनवर नीट येत नाही. त्यासाठी कॉलरला लावायचा साधा माइक घ्यावा, तो काही शेकड्यांत मिळतो. वर्षाला असे तीन लघुपट केलेला मुलगा कोणत्याही सेटवर गेला तरी 'रोल साउंड', 'रोल कॅमेरा' या शब्दांनी बावरत नाही.

तिसरी वाट गर्दीत उभे राहण्याची, आणि तिच्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आपली बहुतेक मुले याच वाटेने आत जातात आणि बहुतेक तेथेच अडकतात. प्रत्येक चित्रपटात, मालिकेत बाजार, लग्न, कोर्ट, मोर्चा असे प्रसंग असतात. त्यासाठी माणसे पुरवणारा कोऑर्डिनेटर असतो. मुंबईत ज्युनिअर आर्टिस्ट म्हणून काम करणाऱ्यांची स्वतःची संघटना आहे, सभासदत्वाचे कार्ड आहे. मुंबईबाहेर, विशेषतः वाई, भोर, सातारा, कोल्हापूर, नाशिक या भागांत चित्रीकरण होते तेव्हा गावातलीच माणसे घेतली जातात. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर आशुतोष गोवारीकरांचा 'स्वदेस' चित्रित झाला, ती जागा पाहायला आजही लोक जातात. पार्श्वभूमीला चालत जाणे याला सेटच्या भाषेत 'पासिंग देणे' म्हणतात. दिवसाचे पैसे ठरलेले असतात, त्यातून कोऑर्डिनेटर आपला वाटा कापतो. किती कापणार हे आधी विचारावे. विचारल्याबद्दल जो रागावतो त्याच्याबरोबर जाऊ नये.

या कामाला मी कमी लेखत नाही. पण त्यात शिकण्यासारखे जे आहे ते पासिंग देताना मिळत नाही, दोन पासिंगच्या मधल्या वेळात मिळते. आपला एक माजी विद्यार्थी सलग आठ महिने हे काम करत होता. पहिले चार महिने तो इतरांप्रमाणे सावली शोधून फोन पाहत बसे. मग त्याने ठरवले की रोज एका माणसाचे काम पाहायचे. एक दिवस क्लॅप देणारा, एक दिवस बूम धरणारा, एक दिवस कपड्यांची नोंद ठेवणारी मुलगी. मुख्य नट रिहर्सलला काय करतो आणि टेकला काय राखून ठेवतो, हे त्याने वहीत लिहिले. ती वही त्याने मला दाखवली, माझ्या एम.ए.च्या टिपणांपेक्षा नीटनेटकी होती. पाचव्या महिन्यात एका साहाय्यक दिग्दर्शकाने त्याला विचारले, "तू काय लिहितोस रे?" तेथून पुढे त्याला गर्दी सांभाळण्याच्या कामावर घेतले गेले.

कॅमेऱ्यामागची ही कामे, गर्दी हलवणे, कपड्यांची यादी ठेवणे, नटांना व्हॅनमधून बोलावून आणणे, संवादांची कागदे वाटणे, यांना आपली मुले नाक मुरडतात. "आम्ही नट व्हायला आलो, हमाली करायला नाही." त्यांना मी साळुंके आणि शांताराम सांगतो. मात्र येथे एक शंका मी स्वतःशीच बाळगून आहे आणि ती लपवत नाही. पिढ्यानपिढ्या ज्यांच्या वाट्याला हलकी कामेच आली त्यांच्या मुलांना 'आधी पडेल ते काम कर' हे सांगताना माझी जीभ अडखळते. कोण्या बड्या घरचा मुलगा साहाय्यक म्हणून लागतो तेव्हा तो शिकतो असे म्हणतात, आणि आपला मुलगा लागतो तेव्हा तो कायमचा 'ए छोटू' होऊन बसतो, हेही मी पाहिले आहे. म्हणून माझे म्हणणे असे की, काम कोणतेही घ्यावे, पण त्याला पद असावे, पैसे असावेत, श्रेयनामावलीत नाव असावे आणि मुदत असावी. सहा महिन्यांनंतर त्याच जागी उभे असाल तर तो सेट सोडावा. फुकट राबण्याची सीमा विद्यार्थ्यांच्या चित्रपटांपाशी संपते; जेथे नफ्यासाठी काम चालले आहे तेथे फुकट राबू नये.

चौथी वाट रीतसर शिक्षणाची. पुण्याच्या इन्स्टिट्यूटमध्ये पडद्यावरील अभिनयाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, आणि दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालय. दोन्ही ठिकाणी पदवी आवश्यक आहे, आणि दोन्ही केंद्र सरकारच्या संस्था असल्यामुळे राखीव जागा आहेत. आपले पालक वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या राखीव जागांची खडानखडा माहिती ठेवतात. या जागांविषयी मी ज्या पालकांना विचारले त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हते. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्स अकादमी आणि छत्रपती संभाजीनगरच्या आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग ही घराजवळची ठिकाणे. तेथून मुलांना पुरुषोत्तम करंडकासारख्या एकांकिका स्पर्धा, राज्य नाट्य स्पर्धा, कामगार कल्याण केंद्रांच्या स्पर्धा मिळतात, आणि मालिकांचे लोक अशा स्पर्धांच्या प्रेक्षागृहांत मागच्या रांगेत बसलेले असतात. निळू फुले राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून घडले, 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्याने नावारूपाला आले, आणि मग १९६८ च्या 'एक गाव बारा भानगडी'त दिसले. पदवी कशासाठी, असे विचारणाऱ्या मुलांना मी दुसरेही कारण सांगतो. दोन चित्रपटांमधले रिकामे आठ महिने भाकरी लागते, आणि पदवीधर मनुष्य त्या काळात शिकवू शकतो.

पैशांविषयी आणि सुरक्षिततेविषयी आता स्पष्ट लिहितो. भूमिका देण्यासाठी पैसे मागणारा मनुष्य भूमिका देणारा नसतो. ऑडिशनला पैसे लागत नाहीत. छायाचित्रे लागतात, पण ती त्यांच्याच छायाचित्रकाराकडून काढून घ्या असा आग्रह झाला की उठावे. दिवसाच्या उजेडात, साध्या भिंतीसमोर, मेकअपशिवाय मित्राने काढलेली चार छायाचित्रे आणि नाव, वय, उंची, भाषा सांगणारी एक मिनिटाची चित्रफीत आरंभाला पुरते. ऑडिशन कार्यालयात किंवा स्टुडिओत, दिवसा व्हावी. हॉटेलच्या खोलीत बोलावल्यास मुलाने वा मुलीने जाऊ नये, आणि न गेल्यामुळे गमावलेली भूमिका ही गमावलेली समजू नये. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा सेटलाही लागू आहे. तक्रार समितीचे सदस्य कोण, हे निर्मितीच्या कार्यालयात विचारण्याचा प्रत्येक मुलीला अधिकार आहे. मुलींच्या बाबतीत आपल्या समाजात दुसरी एक अडचण आहे. तमाशात नाचवल्या गेलेल्या आज्यांची आठवण अजून जिवंत आहे, आणि म्हणून 'आपल्या पोरी पुन्हा तोंडाला रंग लावणार नाहीत' असे म्हणणारे वडील मला भेटतात. त्यांच्या रागाचा मी आदर करतो. मात्र नाचवले जाणे आणि करार वाचून, सही करून, आपल्या अटींवर काम करणे यांतला फरक त्यांनी आपल्या शिकलेल्या मुलीशी बसून बोलावा, एवढी विनंती आहे.

चौदा वर्षांखालील मुलांसाठी नियम वेगळे आणि कडक आहेत. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७ मध्ये नियम आले. त्यानुसार ज्या जिल्ह्यात चित्रीकरण आहे तेथील जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने घ्यावयाची असते. मुलाकडून दिवसाला पाच तासांपेक्षा अधिक आणि सलग तीन तासांपेक्षा अधिक काम घेता येत नाही. सलग २७ दिवसांपेक्षा अधिक काळ त्याला कामात गुंतवता येत नाही. पाच मुलांमागे किमान एक जबाबदार व्यक्ती नेमावी लागते, शिक्षणात खंड पडू द्यायचा नसतो, आणि मुलाच्या उत्पन्नातला किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्याच नावे मुदत ठेवीत जमा करावा लागतो. पालकांपैकी कोणालाही मी हे सांगितले की ते चकित होतात. वसतिगृहाच्या दारात गाडी लावून "दहा पोरं द्या, संध्याकाळी आणून सोडतो" म्हणणारा एक गृहस्थ काही वर्षांपूर्वी आमच्याकडेही आला होता. तेव्हाच्या व्यवस्थेने मुले दिली. संध्याकाळची रात्र झाली, रात्रीचे दोन वाजले. मुले परतली तेव्हा त्यांच्या हातात वडापावचे कागद होते, पैशांचा विषय नव्हता. त्या मुलांना नेण्यास संमती देणाऱ्यांत मीही होतो.

भाषेविषयी थोडे लिहिल्यावाचून राहवत नाही. आमच्या पिढीच्या शिक्षकांनी मुलांची बोली सुधारण्यात पुष्कळ शक्ती खर्च केली. ती 'पानी' म्हणाली की आम्ही 'पाणी' म्हणवून घेत असू. प्रमाण भाषा आली पाहिजे, ऑडिशनमध्ये ती विचारली जातेच. पण आता ऑडिशनमध्ये असेही विचारतात की मराठवाड्याची बोली येते का, वऱ्हाडी येते का. आणि शहरातली मुले ती ओढूनताणून बोलतात. ज्या बोलीसाठी मी मुलांच्या हातावर पट्टी मारली, तिचेच आता मानधन मिळते, हे माझ्यासारख्याला पचवायला थोडे जड जाते.

त्या माउलीच्या मुलाचे काय झाले, ते विचारले जाईल. त्याने चाळीस हजार भरले नाहीत. विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात प्रवेश घेतला, सुट्ट्यांत विद्यार्थ्यांच्या तीन लघुपटांत कामे केली; एकाची प्रत मिळाली, दोघांनी अजून दिलेली नाही. एका मालिकेत तो पोस्टमन म्हणून दीड वाक्य बोलला. माउलीने तो भाग गावातल्या समाजमंदिरात सर्वांना बसवून दाखवला, आणि तो येऊन गेला हे निम्म्या लोकांच्या लक्षातही आले नाही, म्हणून पुन्हा लावला. सध्या तो एका मराठी चित्रपटाच्या दिग्दर्शन विभागात तिसरा साहाय्यक आहे. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. जानेवारीत आपल्या तालुक्यात आठ दिवसांचे चित्रीकरण आहे, शाळेचा प्रसंग आहे, बारा-तेरा वर्षांची वीस मुले हवी आहेत. "सर, आपलीच मुलं घेऊ." मी म्हणालो, आधी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या परवानगीची प्रत पाठव, मुलांबरोबर कोण चौघे राहणार त्यांची नावे पाठव, आणि बँकेची खाती कोण उघडून देणार ते सांग. तो हसला आणि म्हणाला, "सर, तुम्ही तर निर्मात्यापेक्षा कडक निघालात." प्रत अजून आलेली नाही. पालकसभा मात्र मी डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी ठेवली आहे.